महाराष्ट्राचा दरारा, चिनी अक्षरांत

तळेगावाहून लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याला गेलं की चैत्याच्या ओसरीत भिंतीतून पुढे आलेले दगडी हत्ती दिसतात. चिनी यात्रेकरू ह्यूएन त्संग इ.स. ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात आला, तेव्हाच ते पाचशेहून अधिक वर्षांचे होते. त्याच्या वृत्तांतात कार्ल्याचा उल्लेख नाही. हत्ती मात्र आहेत, आणि तेही दारू पाजलेले.

‘मो-हो-ला-छा’ म्हणजे महाराष्ट्र देशावरच्या त्या उताऱ्यात सैन्याचं वर्णन असं आहे: राजा शेकडो योद्धे पोसतो. लढाईआधी ते झिंगेपर्यंत पितात, मग एकटा हजारोंची धार बोथट करतो. ते बाहेर निघाले की पुढे ढोल वाजतो. वाटेत कुणाला इजा केली तरी त्यांना शिक्षा नाही. पराभूत सेनापतीलाही शिक्षा नाही. त्याला फक्त बायकांची वस्त्रं देतात, आणि शरमेने तो स्वतःच जीव देतो.

भीतीसाठी चिनीत खुंग, पू, च्यू, वेइ अशी कितीतरी अक्षरं आहेत. सैन्याच्या या वर्णनात यांपैकी एकही नाही. भीतीच्या जवळ जाणारं अक्षर एकच, ‘सू’: धाकाने, अदबीने उभं राहणं. तेही उत्तरेचा सम्राट हर्ष याच्यासाठी आलंय. दूरचे त्याच्याकडे पाहुणे म्हणून येतात, जवळचे दबून असतात. फक्त या देशाचे लोक त्याला जुमानत नाहीत. हर्ष स्वतः अनेकदा चालून आला, तरी जिंकू शकला नाही.

शक ५५६चा ऐहोळे शिलालेख मात्र आडपडदा ठेवत नाही. युद्धात हत्ती पडलेले पाहून हर्षाचा हर्ष भीतीने गळाला, अशी कोटी रविकीर्ती करतो. रविकीर्ती या देशाचा राजा दुसरा पुलकेशी याच्या पदरचा कवी. धन्याचा विजय तो फुगवून सांगणारच. ह्यूएन त्संगचं तसं नाही. पुढे हर्षानेच त्याचा मोठा सत्कार केला होता. त्याने हर्षाचं अपयश नोंदवावं, म्हणून ही साक्ष मला अधिक वजनाची वाटते. योद्ध्यांचे आकडे आणि पराक्रम मात्र ऐकीव असावेत. वृत्तांत थांग सम्राट ताइत्सुंगच्या आज्ञेवरून, ब्येन्ची या भिक्षूच्या मदतीने तयार झाला. सम्राट स्वतः लढवय्या. त्याला मठांइतकंच परक्या फौजांचंही कुतूहल असणार.

ग्रंथ ६४६मध्ये पुरा झाला. त्याआधीच, ६४२च्या सुमारास, नरसिंहवर्मन पल्लवाने पुलकेशीची राजधानी बदामी घेतली होती; तिथल्या खडकावर त्याचा लेख आजही आहे. चिनी ग्रंथात या पराभवाचा मागमूस नाही. तिथे पुलकेशी अजून राज्य करतो आणि शेजाऱ्यांना तुच्छ लेखतो.