श्रमाला जोड समतोलाची : शिरूर-दौंडच्या कष्टकऱ्यांसाठी योगाभ्यास

दिवसभर शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला हवा, असा प्रश्न ग्रामीण भागात हमखास विचारला जातो. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके कष्टकऱ्यांचे. घोड आणि भीमा नद्यांच्या खोऱ्यांत ऊस व कांद्याची शेती आहे, दौंड परिसरात गुळाची गुऱ्हाळे आहेत, रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. दौंड हे रेल्वेचे जंक्शन असून राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गटही तेथेच आहेत. येथे श्रमाला तोटा नाही. उणीव आहे ती समतोलाची, आणि योगाभ्यासाचे प्रयोजन नेमके तेथेच सुरू होते.

श्रम आणि व्यायाम

कष्टाच्या कामात शरीर बहुधा एकाच दिशेने वापरले जाते. ऊसतोडणी करणारा मजूर उजव्या हातात कोयता घेऊन दिवसभर वाकतो आणि मग डोक्यावर मोळी वाहतो. कांद्याची लागवड व खुरपणी करणाऱ्या स्त्रिया तासन् तास ओणव्या किंवा उकिडव्या बसतात. गुऱ्हाळात काहिलीतला रस ढवळणाऱ्याच्या खांद्यांवर ताण येतो, तर रेल्वेचा चालक किंवा कारखान्यातील यंत्रचालक एकाच स्थितीत जखडलेला असतो. परिणामी काही स्नायू सतत ताणलेले आणि काही आखडलेले राहतात. कंबरदुखी, मानदुखी व गुडघेदुखी यांमागे हा असमतोल हे एक महत्त्वाचे कारण असते. दिवसभराच्या कामाने शरीर ज्या दिशेला झुकते, तिच्या विरुद्ध दिशेची सावकाश व जाणीवपूर्वक हालचाल आसनांतून घडते.

शास्त्रांतील अर्थ

योग म्हणजे अवघड आसने, हा समज अपुरा आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन हे आठ अंगांपैकी केवळ तिसरे अंग आहे. ते स्थिर आणि सुखकर असावे, एवढीच तेथील अपेक्षा. भगवद्गीतेने समत्वालाच योग म्हटले आहे. अति खाणाऱ्याला किंवा उपाशी राहणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला किंवा सतत जागणाऱ्याला योग साधत नाही, असे तिच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. याच अध्यायावर ज्ञानेश्वरीत मराठीतून योगाचे विवेचन आले आहे. ‘हठप्रदीपिके’त मिताहारासाठी पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवण्याचा सल्ला आहे. पाळी बदलली की जेवणाची व झोपेची वेळ बदलणाऱ्या कामगारासाठी ही जुनी सूचना आजही तितकीच व्यवहार्य आहे.

जिल्ह्याचाच वारसा

आधुनिक योगाच्या इतिहासातील दोन महत्त्वाची केंद्रे पुणे जिल्ह्यातच आहेत. ज्या मुंबई-पुणे-सोलापूर लोहमार्गावर दौंड आहे, त्याच मार्गावरील लोणावळा येथे स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा मार्ग त्यांनी घालून दिला आणि त्यासाठी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. बालपणी अनेक आजारांनी खंगलेल्या अय्यंगारांनी योगाच्या बळावर प्रकृती कमावली. पुण्यातील त्यांची रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा अशा साधनांच्या आधारे वृद्ध व आजारी व्यक्तींनाही आसने करता यावीत, ही त्यांची मोठी देणगी. खेड्यातील घरात भिंत, पाट किंवा जुनी ओढणी हेच काम करू शकते.

शरीराचा आणि मनाचा तोल

उभे असताना शरीराचा तोल आंतरकर्ण, डोळे आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना या तिघांच्या समन्वयातून सांभाळला जातो. ताडासन, वृक्षासन यांसारख्या आसनांत हाच समन्वय घडवला जातो. उतारवयात पडण्याचा धोका वाढत असल्याने ज्येष्ठांनी भिंतीचा आधार घेऊन हा सराव करावा.

मनाचा तोल श्वासाशी निगडित आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. उच्छ्वास सावकाश व दीर्घ केला की शरीर विश्रांतीच्या अवस्थेकडे वळते. पाऊस लांबला, भाव कोसळला किंवा कर्जाचा हप्ता थकला, तर प्राणायामाने ती अडचण दूर होत नाही. परंतु झोप लागणे, संताप आवरणे आणि शांतपणे निर्णय घेणे यांना त्याची मदत होऊ शकते.

कामानुसार अभ्यास

* वाकून काम करणाऱ्यांनी मकरासन, सौम्य भुजंगासन व सेतुबंधासन करावे.
* सतत बसून काम करणाऱ्यांनी ताडासन, मार्जारासन व वक्रासन करावे.
* बंदोबस्तासाठी तासन् तास उभे राहणाऱ्यांनी भिंतीला पाय टेकवून दहा मिनिटे पडून राहावे व पवनमुक्तासन करावे.
* रात्रपाळीहून आल्यावर सूर्यनमस्कार किंवा कपालभाती टाळून भ्रामरी, दीर्घ उच्छ्वास व शवासन करावे.

रोज वीस मिनिटांचा नियमित सराव हा आठवड्यातून एकदा केलेल्या दोन तासांच्या सरावापेक्षा श्रेयस्कर. जड जेवणानंतर तीन ते चार तासांचे अंतर ठेवावे. वज्रासन मात्र जेवणानंतरही चालते. गुडघे दुखत असल्यास तेही करू नये.

मर्यादा आणि पथ्ये

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील औषधविरहित उपायांत योगाचा समावेश केला. मात्र योग हा प्रत्येक रोगावरचा उतारा नव्हे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, मणक्याचा विकार असलेल्यांनी तसेच गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखालीच अभ्यास करावा. शीर्षासनासारखी आसने केवळ दूरचित्रवाणीवर पाहून करू नयेत. पायात मुंग्या येणे किंवा वेदना पायात उतरणे ही तपासणीची लक्षणे होत.

मनाच्या बाबतीतही हेच पथ्य पाळावे. सतत उदासी, झोप उडणे किंवा जगण्याची इच्छा न राहणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी केवळ प्राणायामावर विसंबू नये आणि सुरू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत. केंद्र सरकारच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्णयानुसार २०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. त्या एका सकाळी मैदाने भरतात. परंतु समतोल हा एका दिवसाचा उत्सव नाही. कोयता किंवा खुरपे खाली ठेवल्यावर ताठ उभे राहून घेतलेले दहा शांत श्वास, हा त्याचा आरंभ होऊ शकतो.