मोटारीतील रेडिओचा अक्षरफलक आणि जाहिरात : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रेडिओ हे मूलतः श्राव्य माध्यम होय. डोळे आणि हात कामात गुंतलेले असतानाही ते कानांनी ग्रहण करता येते. म्हणूनच वाहनचालकाला ते सर्वाधिक सोयीचे ठरले. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात मोटारीतील रेडिओला एक लहानसा अक्षरफलक लाभला. आरंभी त्यावर केवळ केंद्राचे नाव उमटत असे. पुढे गाण्याचे शीर्षक आणि त्यामागोमाग जाहिरातदाराचे नावही उमटू लागले. चालकाच्या सोयीसाठी निर्माण झालेली ही जागा जाहिरातीची जागा कशी बनली, याचा युरोप व अमेरिका यांच्या संदर्भात आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. उगम : चालकाची सोय

या तंत्राची पूर्वपीठिका पश्चिम जर्मनीत आढळते. तेथे १९७४ मध्ये ‘एआरआय’ ही पद्धती सुरू झाली. वाहतुकीची माहिती देणारे एफएम केंद्र ओळखण्यासाठी ५७ किलोहर्ट्‌झ वारंवारतेवर एक खूणसंकेत पाठविला जाई. या संकेतात अक्षरे नव्हती. परंतु ध्वनीसोबत न ऐकू येणारी माहिती पाठविता येते, ही गोष्ट त्यातून सिद्ध झाली.

याच दिशेने युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने ‘रेडिओ डेटा सिस्टिम’ म्हणजेच आरडीएस विकसित केली आणि १९८४ मध्ये तिचा तपशील प्रसिद्ध केला. १९८७ पासून बीबीसीसह युरोपातील काही प्रसारण संस्थांनी तिचा वापर सुरू केला, तर १९९० मध्ये तिला युरोपीय मानकाचे स्वरूप प्राप्त झाले. प्रवासात एका प्रक्षेपकाची कक्षा संपताच तोच कार्यक्रम दुसऱ्या वारंवारतेवर आपोआप लागावा, वाहतुकीची सूचना चालकापर्यंत पोहोचावी आणि केंद्राची ओळख पटावी, ही तिची प्रमुख प्रयोजने होती.

२. आठ अक्षरांची मर्यादा

आरडीएसचा वेग सेकंदाला अवघे ११८७.५ बिट इतका आहे. या अरुंद वाटेवरून दोन प्रकारचा मजकूर जातो. पहिला म्हणजे केंद्राचे नाव. त्यासाठी आठ अक्षरांची जागा राखलेली आहे. दुसरा म्हणजे ‘रेडिओ टेक्स्ट’. त्यात ६४ अक्षरांपर्यंत मजकूर मावतो. युरोपीय मानकाने रेडिओ टेक्स्ट प्रामुख्याने घरगुती संचांसाठी योजला होता. केंद्रनामाच्या जागेचा वापर क्रमाक्रमाने बदलणारा मजकूर दाखविण्यासाठी करू नये, असेही त्यात स्पष्ट केले होते. चालकासमोरचा फलक स्थिर राहावा, ही दृष्टी या दोन्ही तरतुदींत दिसते.

या निर्बंधाला तांत्रिक आधारही होता. केंद्राचे नाव दोन-दोन अक्षरांच्या चार तुकड्यांत पाठविले जाते. मजकूर वारंवार बदलल्यास आणि एखादा तुकडा वाटेत गळाल्यास जुन्या व नव्या शब्दांची सरमिसळ होते. काही संच केंद्राचे नाव स्मृतीत साठवितात. अशा वेळी केंद्राच्या नावाऐवजी एखाद्या घोषवाक्याचा तुटका शब्दच साठविला जाण्याचा संभव असतो.

३. अमेरिका : नावाच्या जागी जाहिरात

अमेरिकेत १९९३ मध्ये ‘आरबीडीएस’ या नावाने हे तंत्र मानकबद्ध झाले. मात्र ते मानक ऐच्छिक होते. शिवाय तेथील बहुतांश केंद्रे व्यापारी असून जाहिरात हाच त्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होता. २००१-०२ मध्ये एक्सएम व सिरियस या उपग्रह रेडिओ सेवा सुरू झाल्या. त्यांच्या संचांवर गाण्याचे व गायकाचे नाव दिसत असे. आपले प्रसारण त्यापुढे जुनाट वाटू नये, अशी निकड एफएम केंद्रांना भासणे स्वाभाविक होते.

परंतु मोटारींतील अनेक संच रेडिओ टेक्स्ट दाखवीत नसत. केंद्रनामाची आठ अक्षरे मात्र दाखवीत. म्हणून केंद्रांनी त्याच जागेत शब्दामागून शब्द सरकविण्यास प्रारंभ केला. प्रथम गाण्याची नावे आली. त्याच वाटेने जाहिरातही आली. ध्वनिजाहिरात चालू असताना जाहिरातदाराचे नाव वा दूरध्वनी क्रमांक फलकावर दाखविता येऊ लागला. ऐकलेला क्रमांक श्रोता विसरतो, ही रेडिओ जाहिरातीची जुनी उणीव यामुळे भरून निघेल, असा त्यामागील विचार होता. इटलीसारख्या युरोपीय देशांतील काही खासगी केंद्रांनीही मानकाचा संकेत दूर सारून सरकता मजकूर वापरला.

पुढे ‘रेडिओ टेक्स्ट प्लस’ या विस्तारामुळे मजकुरातील प्रत्येक घटकाला स्वतंत्र खूण देता येऊ लागली. गाणे, कलाकार, हवामान यांच्या खुणांबरोबर जाहिरातीसाठीही एक वेगळी खूण त्यात समाविष्ट झाली. पूर्वी मागच्या दाराने आलेल्या जाहिरातीला तंत्राच्या व्यवस्थेतच अधिकृत स्थान मिळाले, ही बाब इतिहासदृष्ट्या लक्षणीय होय.

४. चालकाच्या लक्षाचा प्रश्न

फलकावरील जाहिरात वाचण्यासाठी चालकाला रस्त्यावरची नजर काढावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर कापते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, वाहन चालू असताना चालकाला आपोआप सरकणारा मजकूर आणि जाहिरातपर मजकूर दाखवू नये, अशी शिफारस आहे. तथापि ही तत्त्वे ऐच्छिक असून त्यांचा रोख वाहन व उपकरणे बनविणाऱ्यांकडे आहे. मजकूर पाठविणारे केंद्र त्यांच्या कक्षेबाहेर राहते. जबाबदारीतील ही फट आरडीएसच्या रचनेतूनच निर्माण झाली आहे, कारण मजकूर एकजण पाठवितो आणि फलक दुसरा बनवितो.

५. भारतीय भाषांचा संदर्भ

भारतात खासगी एफएम प्रसारण २००१ मध्ये सुरू झाले. आरडीएसच्या मूळ वर्णसंचांत रोमनसह ग्रीक, सिरिलिक, अरबी व हिब्रू लिप्यांचा विचार झाला होता. देवनागरीला मात्र त्यांत स्थान नव्हते. त्यामुळे मराठी वा हिंदी कार्यक्रम ऐकवणाऱ्या केंद्रालाही या फलकावर रोमन लिपीचाच आश्रय घ्यावा लागे. पुढील विस्तारित रेडिओ टेक्स्टमध्ये यूटीएफ-८ संकेतप्रणाली स्वीकारल्याने ही अडचण तत्त्वतः दूर झाली. परंतु त्यासाठी संचही तसाच असावा लागतो.

समारोप

वरील आढाव्यावरून असे दिसते की, अक्षरफलकावरील जाहिरात ही तंत्राच्या मूळ हेतूतून उद्‌भवलेली नाही. स्पर्धा, व्यापारी गरज आणि मानकाचे ऐच्छिक स्वरूप यांच्या संयोगातून ती रुजली. युरोपीय मानककर्त्यांनी चालकाची नजर जपण्याचा विचार प्रारंभीच केला होता. परंतु जेथे पाळण्याची सक्ती नव्हती, तेथे तो विचार टिकला नाही. आठ अक्षरांची जागा जाऊन आता मोटारींत मोठे पडदे आले आहेत. जागा वाढली, तरी चालकाचे लक्ष मात्र पूर्वीइतकेच मर्यादित आहे. म्हणूनच त्या लक्षावर पहिला हक्क रस्त्याचा की जाहिरातदाराचा, हा आठ अक्षरांच्या फलकाने उपस्थित केलेला प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा ठरतो.