शेवटचं छिद्र

सकाळचे दहा वाजलेत. पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या मुकुंदराव आंबेडकर चौकात तुम्ही सिग्नलला अडकला आहात. आळंदीहून आलेली पीएमपी तुमच्या कानाशी हॉर्न वाजवतेय, धानोरीकडे वळणाऱ्या रिक्षा मधेच घुसतायत आणि तेवढ्यात डोक्यावरून लोहगावच्या हवाई तळाचं सुखोई लढाऊ विमान जातं. चौकातलं बोलणं क्षणभर थांबतं. वर मात्र कुणी बघत नाही, कारण ते रोजचंच आहे. खालून दिसत नाही, पण त्या विमानाच्या नाकाडावर, वैमानिकाच्या काचेपुढे जरा उजवीकडे, एक गोल डोळा बसवलेला आहे. समोरच्या विमानाची उष्णता तो दुरून टिपतो. असा डोळा ज्या खिडकीआडून बघतो, ती खिडकी कशाची करायची? उत्तरासाठी तुम्हाला बरंच मागे जावं लागेल.

१९०८. तुम्ही तळेगाव दाभाड्यात आहात आणि भट्टीची धग तोंडावर येते आहे. हा पैसा फंडाचा काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून उभ्या केलेल्या निधीतून तो निघाला, आणि टिळकांचा त्याला पाठिंबा आहे. एक पोरगा लोखंडी फुंकणीचं टोक भट्टीत बुडवतो, लालबुंद गोळा उचलतो, गाल फुगवून फुंकतो. वितळलेल्या काचेतले बुडबुडे हळूहळू वर येऊन निघून जातात. गोळा निवला की आरपार दिसतं. इथे पारदर्शकता भट्टीच देते, माणसाने फक्त आकार द्यायचा.

त्यातला एक जाड तुकडा खिशात टाका आणि पुढे चला. जवळपास ८० वर्षांनी तो कामाचा आहे का, ते बघायचं आहे.

१९८७, लोहगाव. धावपट्टीवर नवी मिग-२९ विमानं आली आहेत. त्यांच्याही नाकाडावर तसाच डोळा आहे. जेट इंजिनाच्या झोताची उष्णता मुख्यतः ३ ते ५ मायक्रॉन लांबीच्या इन्फ्रारेड लहरींतून ओळखता येते. तुमच्या खिशातल्या काचेतून फुलपाखरू स्वच्छ दिसेल, पण या लहरींतला मोठा भाग ती काच गिळून टाकते. शिवाय ध्वनीच्या वेगाने जाताना पावसाचा थेंबसुद्धा काचेला टवके पाडतो, धुळीने तर ती घासूनच निघते. म्हणजे हवी आहे काचेहून कठीण, तापली तरी न तडकणारी आणि इन्फ्रारेडला वाट देणारी वस्तू. कठीण आणि उष्णता सोसणारं म्हटलं की सिरॅमिक आठवतं. पण सिरॅमिक म्हणजे चहाचा कप. त्यातून आरपार कधी कुणी बघितलंय?

बघितलंय. त्यासाठी ३० वर्षं मागे, अमेरिकेतल्या स्केनेक्टडीला या. १९५० च्या दशकाची अखेर आहे आणि जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, पांढऱ्या चकत्या भाजतो आहे. खडीसाखर काचेसारखी दिसते, तीच कुटली की पांढरीशुभ्र पिठीसाखर होते. साखर तीच, फक्त कणाकणांत हवा शिरलेली असते आणि प्रकाश प्रत्येक कडेवर भरकटतो. सिरॅमिकचं दुखणंही हेच. ते मुळात अपारदर्शक नसतं, त्याच्या पोटात छिद्रं राहिलेली असतात.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. नेहमीसारखी भाजलेली चकती बघा. उष्णतेने कण इतके झपाट्याने वाढले आहेत की त्यांच्या सीमा छिद्रांना ओलांडून पुढे गेल्या आणि छिद्रं कणांच्या पोटात अडकून पडली. तिथून ती सुटत नाहीत. आता दुसरी चकती. हिच्यात पाव टक्का मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, घातला आहे. त्याने कणांच्या सीमा रेंगाळल्या, छिद्रं सीमेवरच राहिली आणि त्या वाटेने बाहेर पडली. भट्टीत साध्या हवेऐवजी हायड्रोजन आहे, कारण तो या चकतीतून निसटू शकतो. हवेतला नायट्रोजन आतच कोंडतो. चकती छापील कागदावर ठेवली की खालची अक्षरं वाचता येतात. १९६२ साली याचं पेटंट निघालं आणि हेच ॲल्युमिना पुढे रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांची नळी बनलं.

खिडकीला मात्र ते कमी पडतं. ॲल्युमिनाचा स्फटिक प्रकाशाला दिशेनुसार वेगवेगळा वाकवतो, त्यामुळे सगळी छिद्रं गेली तरी दुधाळपणा उरतो. सर्व दिशांना सारखा वागणारा घनाकृती स्फटिक हवा. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, म्हणजे स्पिनेल, तसं आहे. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापासून पाच मायक्रॉनच्याही पुढपर्यंत ते वाट देतं.

आता वर्तमानात, हैदराबादच्या बाळापूरला. तिथल्या एआरसीआय या संस्थेत पारदर्शक सिरॅमिकवर काम चालतं. डोक्यावर टोपी, पायात कव्हर घालून आत या. स्पिनेलची पावडर मायक्रॉनहूनही बारीक आहे. लोखंडाचा एखादा कण पडला तर शेवटी काळा ठिपका उमटेल. पावडर रबरी साच्यात भरून, द्रवात बुडवून चारी बाजूंनी सारखी दाबतात. निघते खडूसारखी ठिसूळ वडी. ती निर्वातात १,५०० अंशांच्या वर भाजली की चांगलीच आक्रसते.

इथे घाई करून चालत नाही. उरलेली छिद्रं बाहेरून पूर्ण बंद झाली असली तरच पुढची पायरी लागू पडते. कारण पुढच्या भट्टीत आर्गॉन वायू वातावरणाच्या हजारपट किंवा त्याहून जास्त दाबाने चहूकडून दाबतो. छिद्र उघडं राहिलं असेल तर वायू आतच शिरतो आणि दाबायला काही उरत नाही. बंद असेल तर ते चेपून नाहीसं होतं. दहा हजारांत एक भाग पोकळी उरली तरी धूसरपणा येतो.

भट्टीतून आलेला तुकडा बघून तुमची निराशा होईल. तो करडा, खरखरीत असतो. त्याला हिऱ्याच्या भुकटीने तासन्‌तास घासायचं, प्रत्येक टप्प्याला आधीचे ओरखडे काढायचे. पृष्ठभागाखाली राहून गेलेली एक सूक्ष्म चीर उद्या आकाशात सगळी खिडकी फोडू शकते. म्हणून खर्चाचा मोठा वाटा या घासण्यातच जातो.

कोबलची कृती १९६२ पासून कुणालाही वाचता येते. तरी अशा खिडक्या करणारे देश मोजकेच आहेत. पावडर कोणत्या दिवशी ओली झाली, भट्टी कुठे दोन अंश चढली, हे ओळखणारी माणसं पेटंटातून मिळत नाहीत. तळेगावच्या कारखान्याने काचेइतकेच कारागीर घडवले. पुढे देशातल्या काच कारखान्यांना त्यांचा उपयोग झाला. पारदर्शक सिरॅमिकसाठी यंत्रं विकत आणता येतील, पण भट्टीपाशी दहा वर्षं उभी राहणारी माणसं इथेच तयार करावी लागतील, आणि त्यांचा पगार पहिली निर्दोष खिडकी निघण्याच्या कितीतरी आधीपासून द्यावा लागेल.