मैदान कुणाचे? संघ कुणाचा?

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की थोड्याच अंतरावर पिंपळी लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस, गाळपाच्या दिवसांत रस्त्याने रांगेने जाणाऱ्या उसाच्या गाड्या आणि आषाढात पंढरीकडे निघालेली तुकोबारायांची पालखी ही या परिसराची ओळख. खेळ म्हटला की येथे कुस्ती आणि कबड्डी आठवते. गेल्या दोन पिढ्यांत क्रिकेटनेही त्यांच्या शेजारी आपले आसन मांडले आहे. फुटबॉल मात्र येथे अजून पाहुणाच आहे.

म्हणूनच गेल्या पावसाळ्यात पाच-सहा तरुण आमच्याकडे येऊन फुटबॉलचा संघ काढण्याविषयी बोलू लागले, तेव्हा आम्हांला नवल वाटले. खेळायचे कोठे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. गावाच्या कडेची ज्या मोकळ्या जागेवर ते खेळत, तेथे आता प्लॉट पडणार होते. दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. एका सधन गृहस्थांनी बूट, गणवेश आणि स्पर्धेची प्रवेश फी देण्याची तयारी दाखवली होती. अट एकच, संघाला त्यांचे नाव द्यावे आणि संघाचा कारभार त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालावा. "फादर, हो म्हणावे का?" असे त्या मुलांनी विचारले. आम्हांला तत्काळ उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने आम्हांला जो इतिहास धुंडाळायला लावला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पुण्यातील चार संघ

आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. २००७ साली एका उद्योगसमूहाने 'पुणे फुटबॉल क्लब' स्थापन केला. दोनच वर्षांत हा संघ आय-लीगमध्ये पोचला आणि २०१२-१३ च्या हंगामात उपविजेता ठरला. त्याच्या युवा अकादमीचे देशभर नाव झाले. २०१४-१५ च्या हंगामानंतर मात्र त्याचा वरिष्ठ संघ बंद पडला. दुसऱ्या एका उद्योगसमूहाचा 'भारत एफसी' त्याच हंगामात उतरला आणि त्याच हंगामात संपला. 'शिवाजियन्स' हा १९८७ पासूनचा स्थानिक संघ. बांधकाम व्यवसायातील एका समूहाच्या आश्रयाने तो २०१५-१६ साली आय-लीगमध्ये गेला आणि दोन हंगाम खेळून २०१७ साली बाहेर पडला. राहिला 'एफसी पुणे सिटी'. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्मलेल्या या संघाने २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली होती. २०१९ साली तो गुंडाळला गेला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली.

२०१५ ते २०१९ या अवघ्या पाच वर्षांत एका शहराने चार व्यावसायिक संघ गमावले. सारा दोष मालकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आपल्या देशात व्यावसायिक फुटबॉल हा बहुधा तोट्याचा व्यवहार आहे, आणि मालकांनी त्यात पदरचा पैसा ओतला होता, हे नाकारता येत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे चारही संघ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात खेळत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले ते संकुल शासनाचे. मैदान शासनाचे, संघ कंपनीचा आणि प्रेक्षक तिकिटापुरता. मग संघ बंद करण्याचा निर्णय होताना गॅलरीत घसा कोरडा करणाऱ्या पोरांना कोण विचारणार? ती तर ग्राहक होती.

तालमींचा फुटबॉल

याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तेथील फुटबॉल संस्थानी काळात रुजला आणि तालमींच्या अंगणात वाढला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले आणि पेठापेठांतील तालमींना बळ दिले. तालीम म्हणजे केवळ तांबड्या मातीचा हौदा नव्हे. ती त्या पेठेची पंचायत, तिचा गणेशोत्सव आणि अडीनडीला धावून जाणारी तिची तरुण मुले. त्याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे कोल्हापूरकराला आप्तांच्या नावांसारखी पाठ असतात. यांतील एकही संघ कंपनीचा नाही. पेठेतील वर्गणी, हितचिंतकांच्या देणग्या आणि कार्यकर्त्यांचे श्रम यांवर ते चालतात. सामने होतात ते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या शाहू स्टेडियमवर. पेठ जोवर आहे तोवर संघ आहे, कारण पेठ उचलून कुणाला हैदराबादला नेता येत नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्या देशात झाला, तेव्हा भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

या चित्राला काळी बाजूही आहे. पेठांची ईर्षा कित्येकदा मैदानाबाहेर हाणामारीवर गेली आहे. जिंकण्याच्या हट्टापायी परप्रांतातून आणि परदेशांतून मानधनावर खेळाडू आणण्याची प्रथा पडली, आणि वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांना तो भार पेलणे अवघड जाते. आपलेपणा हा गुण खरा, पण त्याला शिस्तीचे कुंपण नसेल तर तो उन्माद होतो. तरीही पुण्याचे चार संघ गेले आणि कोल्हापूरच्या तालमी उभ्या आहेत, ही वस्तुस्थिती उरतेच.

ख्रिस्तसभेच्या अंगणातून

आमच्या वाचकांना जवळचा वाटेल असा या इतिहासाचा आणखी एक धागा आहे. गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंना दिले जाते. १८८३ साली ते प्रकृतिस्वास्थ्यासाठी शिवोलीत आले आणि तेथील मुलांना त्यांनी या खेळाची गोडी लावली. चर्चजवळचे मैदान हा पुढे गोव्यातील कितीतरी गावांच्या जीवनाचा भाग झाला.

त्यानंतर चारच वर्षांनी, ६ नोव्हेंबर १८८७ रोजी, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात सेंट मेरीज धर्मग्रामाच्या सभागृहात एक बैठक भरली. आयर्लंडमधून पोटासाठी आलेल्या कॅथलिक मजुरांची ती वस्ती. मरिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांनी शाळकरी मुलांच्या जेवणासाठी निधी उभारावा म्हणून तेथे फुटबॉलचा संघ काढला. तोच आजचा जगप्रसिद्ध 'सेल्टिक'. त्याचे पहिले मैदान वस्तीतील लोकांनी स्वतःच्या श्रमांनी सहा महिन्यांत तयार केले. पण जमीन भाड्याची होती. संघाला गर्दी लोटू लागलेली पाहून जमीनमालकाने वर्षाचे भाडे ५० पौंडांवरून ४५० पौंड केले. १८९२ साली संघाला ते मैदान सोडून नवे उभारावे लागले. त्याच वर्षी ब्रदर वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली. १८९७ साली संघाची कंपनी झाली आणि भागधारकांच्या लाभांशापुढे गरीब मुलांच्या जेवणाचा मूळ हेतू मागे पडला. ज्यांनी घाम गाळून मैदान केले, त्यांच्या हाती जमिनीचा कागद नव्हता आणि संघाचाही नव्हता.

दुसरी कथा अर्जेंटिनाची. १९०८ साली ब्वेनोस आयरेसमधील आल्माग्रो या वस्तीत मुले रस्त्यावर चेंडू खेळत. त्यांतील एक मुलगा ट्रामखाली सापडता सापडता वाचला. सालेशियन संघाचे फादर लोरेन्सो मास्सा यांनी ते पाहिले आणि चर्चचे आवार मुलांना खुले करून दिले. अट एवढीच, की रविवारी मिस्साला यावे. त्या मुलांचा संघ म्हणजे 'सान लोरेन्सो'. दिवंगत पोप फ्रान्सिस लहानपणापासून याच संघाचे चाहते होते आणि पुढे त्याचे नोंदलेले सभासदही.

अर्जेंटिनातील बहुतेक क्लबांप्रमाणे हाही सभासदांचा क्लब. कारभारी मंडळ सभासद निवडतात. तथापि लष्करी राजवटीच्या काळात त्याचे १९१६ पासूनचे मैदान हातचे गेले. २ डिसेंबर १९७९ रोजी तेथे शेवटचा सामना झाला आणि पुढे त्या जागी एका विदेशी कंपनीचे भव्य दुकान उभे राहिले. मैदान गेले, पण सभासद होते. त्यांनी दुसरीकडे मैदान केले आणि जुन्या जागेची आठवण मुला-नातवंडांना सांगत राहिले. मोर्चे निघाले, सह्या गोळा झाल्या. २०१२ साली शहराच्या विधिमंडळाने ती जागा क्लबला परत मिळावी असा कायदा केला. लोकांनी एकेका चौरस मीटरचे पैसे भरले आणि २०१९ साली जागेचा ताबा क्लबकडे आला. चाळीस वर्षे लागली. कंपनीने चाळीस वर्षे वाट पाहिली असती काय?

एक सभासद, एक मत

संघ नेता येतो, पण माणसे नेता येत नाहीत, हे इंग्लंडमध्येही दिसले. २००२ साली लंडनच्या विम्बल्डन क्लबला सुमारे ९० किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या शहरी स्थलांतर करण्यास परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात खुल्या माळावर खेळाडूंची चाचणी घेतली आणि तळच्या स्तरावरील लीगमधून 'एएफसी विम्बल्डन' हा स्वतःचा संघ सुरू केला. नऊ वर्षांत तो देशातील प्रमुख लीगमध्ये पोचला. २०२० साली जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर त्याचे नवे मैदान उभे राहिले आणि त्यासाठीही चाहत्यांनी कर्जाऊ रकमा दिल्या. जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे, की क्लबने व्यवसायासाठी कंपनी काढली तरी निम्म्याहून एक अधिक मत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिले पाहिजे. काही अपवाद आणि काही पळवाटा त्यातही आहेत, पण तत्त्व टिकून आहे.

हे सारे वाचताना आम्हांला वारंवार वाटत होते, की बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला यात नवे ते काय? भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना येथून जवळच आहे. सभासदाचे शेअर किती आहेत हे न पाहता प्रत्येकाला एकच मत, हा नियम सहकार कायद्याने घालून दिलेला आहे. वार्षिक सभेत उठून उसाच्या दराचा जाब विचारणारा शेतकरी जे जाणतो, तेच जर्मनीतील फुटबॉलचा चाहता जाणतो. सहकारात गटबाजी शिरते, पॅनेलचे राजकारण चालते, हेही आपण पाहिले आहे. पण त्या दोषांवर उपाय करण्याचा हक्क सभासदाच्या हाती असतो. ग्राहकाच्या हाती तो नसतो.

आमचे उत्तर

येथे एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. पूर्वी एका धर्मग्रामात असताना आम्ही स्वतःच चर्चच्या आवाराला कुंपण घालून फाटकाला कुलूप लावले होते. कारणे खोटी नव्हती. तावदाने फुटत, फुलझाडे तुडवली जात आणि प्रार्थनेच्या वेळी गलका होई. कुलूप लागल्यावर आवारात शांतता पसरली. काही महिन्यांनी ध्यानात आले, की संध्याकाळी चर्चमध्ये डोकावणारी मुलेही दिसेनाशी झाली आहेत. आम्ही तावदाने वाचवली होती. फादर मास्सांची कथा आम्ही तेव्हा वाचलेली नव्हती. वाचली असती तरी कुलूप काढण्याइतके मोठे मन आमच्यापाशी होते की नाही, कोण जाणे.

त्या तरुणांना आम्ही पुन्हा बोलावले आणि तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, त्या गृहस्थांची देणगी कृतज्ञतेने घ्या, पण देणगी म्हणून घ्या. त्यांचे नाव गणवेशावर असू द्या, संघाच्या नोंदवहीत मात्र ते इतरांसारखे एक सभासद असोत. दुसरी, लहानशी का होईना वर्गणी ठरवा, सभासदांची यादी करा, वर्षातून एकदा सभा भरवून सर्वांसमोर हिशेब वाचा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आधी मैदानाच्या मागे लागा. खाजगी जागेवर प्लॉट पडणार असतील तर ते तुम्हांला थांबवता येणार नाहीत, परंतु गावाच्या सामाईक जमिनीतून खेळासाठी कायमची जागा राखण्याची मागणी ग्रामसभेत अर्ज देऊन नक्कीच करता येईल. तो अर्ज केवळ फुटबॉलच्या नावाने करू नका. कबड्डीवाले, क्रिकेटवाले आणि धावण्याचा सराव करू इच्छिणाऱ्या मुली, सर्वांना बरोबर घ्या.

बेलवाडीला दरवर्षी पालखीचे गोल रिंगण होते. अश्व धावतो, त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात आणि त्या घटकेला तेथे कुणी मालक नसतो, कुणी ग्राहक नसतो. रिंगणासाठी ती मोकळी जागा राहिली आहे, कारण ती राखणे हे साऱ्या गावाने आपले काम मानले आहे. खेळाच्या मैदानाकडेही गावाने त्याच दृष्टीने पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

मुलांनी अर्ज लिहिला आहे. ग्रामसभेत त्याचे काय होईल ते आज सांगता येत नाही. तोवर चर्चच्या मागची लहानशी जागा त्यांना संध्याकाळी वापरण्यास दिली आहे. खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या आहेत.