महाधमनी जिवंतपणी दिसू लागली, त्याचा इतिहास

१/ २५ ऑक्टोबर १७६०. लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज सकाळी अचानक कोसळला आणि मरण पावला. वय ७६. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी साकळलेल्या रक्ताने भरलेली आढळली. महाधमनीच्या आतल्या बाजूस एक आडवी चीर होती.

२/ महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी, शरीरातील सर्वांत मोठी धमनी. तिच्या भिंतीचा आतला थर फाटला की रक्त थरांमध्ये घुसते आणि भिंत सोलत जाते. या आजाराला ‘एऑर्टिक डिसेक्शन’ म्हणतात. निकोल्स यांनी त्याचे नेमके वर्णन केले. पण ते मृत्यूनंतर. रुग्ण जिवंत असताना ही चीर पाहण्याचा कोणताही मार्ग त्या काळी नव्हता.

३/ नोव्हेंबर १८९५ मध्ये रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हाडे दिसू लागली, रक्तवाहिन्या मात्र नाहीत. कारण रक्त आणि भोवतालचे स्नायू क्ष-किरणांना जवळपास सारखेच अडवतात. जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी मृतदेहाच्या हातातील वाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचे मिश्रण भरले. ५७ मिनिटे क्ष-किरण सोडल्यावर वाहिन्यांचे जाळे उमटले. जिवंत माणसाला हे मिश्रण टोचणे अर्थातच अशक्य होते.

४/ हवे होते असे द्रव्य, जे क्ष-किरण अडवील पण रुग्णाचा जीव घेणार नाही. आयोडिनचा अणू जड असल्याने तो हे काम करतो. लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये सोडियम आयोडाइड वापरून जिवंत रुग्णाच्या मेंदूतील धमन्यांचे चित्र मिळवले.

५/ त्याच शहरात १९२९ मध्ये रेनाल्दो दुस सांतुस महाधमनीपर्यंत पोहोचले. पद्धत धाडसाची होती: पाठीतून, कण्याच्या बाजूने लांब सुई आत घालून थेट पोटातील महाधमनीत द्रव सोडायचा. जिवंत माणसाची महाधमनी प्रथमच पडद्यावर आली. मात्र सोडियम आयोडाइड वेदनादायक आणि विषारी होते.

६/ म्हणून १९३० च्या दशकात ‘थोरोट्रास्ट’ लोकप्रिय झाले. त्यात थोरियम डायऑक्साइड होते. टोचताना वेदना नाही, तत्काळ दुष्परिणाम जवळपास नाहीत, चित्र अत्यंत स्पष्ट. पण थोरियम किरणोत्सारी आहे, आणि शरीर ते बाहेर टाकू शकत नाही. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत ते जन्मभर साठून राहिले. वीस-तीस वर्षांनंतर त्या रुग्णांत यकृताचे कर्करोग दिसू लागले. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपानमध्ये अशा रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास झाला.

७/ पुढची सुधारणा वाटेची होती. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी साधी युक्ती प्रसिद्ध केली: धमनीत सुई, सुईतून तार, सुई काढून तारेवरून बारीक नळी. आता जांघेतून महाधमनी गाठता येऊ लागली.

८/ द्रवाचा प्रश्न उरलाच होता. आयोडिनयुक्त द्रव टोचताच रुग्ण वेदनेने कळवळत. हे द्रव रक्तापेक्षा कितीतरी अधिक संहत आहेत, हे त्याचे कारण स्वीडनच्याच टोर्स्टेन आल्मेन यांनी ओळखले. पाण्यात विरघळल्यावर आयनांमध्ये न फुटणारे रेणू वापरावेत, हा त्यांचा प्रस्ताव १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. आजचे सौम्य कॉन्ट्रास्ट द्रव त्याच विचारातून आले.

९/ १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. १९७९ चे नोबेल त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना विभागून मिळाले. पण आरंभीच्या या यंत्रांना एकेका छेदासाठी काही मिनिटे लागत. डोके स्थिर ठेवता येते. प्रत्येक ठोक्यासरशी हलणारी महाधमनी नाही.

१०/ १९८९ च्या सुमारास सर्पिल सीटी आले: नळी अखंड फिरते आणि त्याच वेळी रुग्णाचा पलंग सरकत राहतो. १९९८ मध्ये एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली. एका श्वासाच्या अवधीत छातीपासून पोटापर्यंतची महाधमनी टिपणे शक्य झाले.

११/ आता कॉन्ट्रास्ट दंडाच्या किंवा हाताच्या साध्या शिरेतून जातो. उजवे हृदय, फुप्फुसे, डावे हृदय आणि मग महाधमनी, असा त्याचा प्रवास असतो. यंत्र महाधमनीवर लक्ष ठेवते. तिथली घनता ठरावीक आकड्यापुढे गेली की स्कॅन सुरू होते. ती घनता हाउन्सफील्ड यांच्याच नावाच्या एककात मोजतात. डिसेक्शन असल्यास उजळ रक्तात सुटलेल्या पापुद्र्याची काळसर रेघ दिसते.

१२/ वेळ इथे निर्णायक असतो. हृदयाजवळच्या भागात चीर पडली आणि उपचार झाले नाहीत, तर सुरुवातीच्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका १ ते २ टक्क्यांनी वाढतो, असा रूढ अंदाज आहे. निकोल्स यांना जे शवागारात दिसले, ते आज शस्त्रक्रियेआधी काही मिनिटांत दिसते.

१३/ धोका शून्य झालेला नाही. किरणांची मात्रा असते, काहींना ॲलर्जी होते, दुबळ्या मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. म्हणूनच स्कॅनपूर्वी क्रिएटिनिनचा अहवाल पाहतात आणि पूर्वीच्या ॲलर्जीची चौकशी करतात. थोरोट्रास्ट घेतलेल्या रुग्णांना मात्र शरीरात काय शिल्लक राहणार आहे, हे कोणी सांगितलेच नव्हते.