लसिका ग्रंथीतील कर्करोग टिपणारे लोहकण

कर्करोगाची गाठ कोठे आहे, याइतकेच ती कोठवर पसरली आहे, हे उपचार ठरविताना महत्त्वाचे असते. रोग अनेकदा प्रथम जवळच्या लसिका ग्रंथींमध्ये शिरतो. सीटी स्कॅन व एमआरआय तपासणीत डॉक्टर मुख्यतः ग्रंथींचा आकार पाहतात. साधारणपणे 10 मिलिमीटरपेक्षा मोठी ग्रंथी संशयित मानली जाते. मात्र लहान ग्रंथीतही रोग दडलेला असू शकतो, तर साध्या संसर्गानेही ग्रंथी सुजते. ही उणीव भरून काढण्यासाठी नॅनोकणांचा वापर पुढे आला.

विदर्भात हा प्रश्न खर्ऱ्याशी जोडलेला आहे. तंबाखू-सुपारीच्या या मिश्रणामुळे मुखाचा कर्करोग होतो. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) येथील रुग्णाला उपचारासाठी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर ही मोठी केंद्रे जवळची आहेत. मानेत गाठ हाताला लागत नसली, तरी तेथील ग्रंथी काढाव्यात की नाही, हा पेच तेथे उभा राहतो. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी यावर केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 500 रुग्णांच्या या अभ्यासात, मुखाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. रोग मानेत दिसल्यावरच ग्रंथी काढलेल्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते. मात्र आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी सुमारे 30 टक्के रुग्णांच्याच ग्रंथींत रोग आढळला. उरलेल्यांच्या ग्रंथी निरोगी निघाल्या. या शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखणे, हात वर न जाणे असे त्रास होऊ शकतात.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. डेक्स्ट्रान या शर्करेचे आवरण असलेले लोह ऑक्साईडचे सूक्ष्म कण शिरेतून हळूहळू दिले जातात. निरोगी ग्रंथीतील भक्षक पेशी ते गिळतात. लोहाच्या चुंबकीय गुणधर्मामुळे सुमारे 24 तासांनी काढलेल्या एमआरआय चित्रात अशी ग्रंथी काळी दिसते. कर्करोगाने व्यापलेल्या भागात भक्षक पेशी उरत नाहीत. तो भाग उजळच राहतो. म्हणजे येथे कण रोगाला नव्हे, तर निरोगी भागाला रंगवितात.

बोस्टन येथील डॉ. मुकेश हरिसिंघानी व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग असलेल्या 80 रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या एमआरआयने रोगग्रस्त लसिका ग्रंथींपैकी 35.4 टक्के ओळखल्या. नॅनोकणांसह हे प्रमाण 90.5 टक्क्यांवर गेले. रोग असलेल्या ग्रंथींपैकी 71.4 टक्के ग्रंथी नेहमीच्या निकषांनुसार संशयितही ठरल्या नसत्या.

तरीही वाटचाल सोपी ठरली नाही. फेरुमॉक्सट्रान नावाच्या या औषधाच्या परवान्यासाठी युरोपात केलेला अर्ज 2007 मध्ये मागे घेण्यात आला. पुढे नेदरलँड्समधील निजमेगेन येथे त्याचा वापर पुन्हा सुरू झाला. फेरुमॉक्सिटॉल हे दुसरे लोहकणयुक्त औषध अमेरिकेत 2009 मध्ये रक्तक्षयासाठी मंजूर झाले. काही केंद्रे ते एमआरआयसाठीही वापरतात. मात्र तीव्र ॲलर्जीच्या धोक्यामुळे 2015 मध्ये त्यावर कडक इशारा छापण्यात आला.

तपासणीत एकही रोगग्रस्त ग्रंथी सुटली, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच केवळ चित्र पाहून मानेची शस्त्रक्रिया टाळण्याइतका भरवसा या तंत्राने अद्याप मिळविलेला नाही. तो मिळाला, तर अनेक रुग्णांची अनावश्यक शस्त्रक्रिया वाचेल.