अजिंठ्याच्या अरण्यातील दोन नावे

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये ‘सापडली’, असे पर्यटनपुस्तिकांतून आजही वाचावयास मिळते. मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीसाठी वाघूर नदीच्या अरण्यमय दरीत आला आणि त्याच्या दृष्टीस लेण्याची भव्य कमान पडली, ही ती साहसकथा होय. तिची तपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

परिसरातील भिल्लांना व गावकऱ्यांना ही लेणी अपरिचित नव्हती. लोपली होती ती लेण्यांची ओळख. भिक्खुसंघ निघून गेला, उपासक उरले नाहीत आणि ब्राह्मी अक्षरे वाचणारेही राहिले नाहीत. म्हणून शिकाऱ्याची भेट हाच या स्थळाच्या इतिहासाचा आरंभ ठरविण्यात आला.

दहाव्या लेण्यात या दोन्ही इतिहासांची साक्ष एकत्र मिळते. हे चैत्यगृह येथील सर्वांत प्राचीन लेण्यांपैकी असून त्याची निर्मिती इसवी सनापूर्वीची आहे. वासिठीपुत्र कटहादी याने दर्शनी भागाचे दान दिल्याची नोंद त्याच्या कमानीवर ब्राह्मी लिपीत आहे. आत एका स्तंभावरील चित्रावर स्मिथने आपले नाव व एप्रिल १८१९ मधील तारीख खरवडून ठेवली आहे. तेव्हा लेण्यात साचलेल्या ढिगाऱ्यावर तो उभा होता. म्हणून ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते.

नावे दोघांचीही टिकली. परंतु कटहादीचे नाव त्याने दिलेल्या दानाबरोबर येते, तर स्मिथच्या नावासाठी दुसऱ्याचे दान विद्रूप झाले. सव्विसाव्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्र याने अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्या सन्मानार्थ लेणे करविल्याचे कोरले आहे. पाचव्या शतकातील भिक्खूंनी व उपासकांनी आपल्या लहान लहान चित्रांखालीही ‘देयधर्म’ हा शब्द लिहिला. नाव लिहावे ते दानाच्या निमित्ताने, अशी ही परंपरा होती.

स्मिथनंतर आलेल्या काही हौशी प्रवाशांनी चित्रांचे तुकडे काढून नेण्याचा प्रयत्न केला. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांच्याकडे प्रतिकृतींचे काम सोपविण्यात आले. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती केल्या. मात्र रंग स्पष्ट दिसावेत म्हणून लावलेल्या रोगणाने पुढे मूळ चित्रेच पिवळी पडली.

१९८३ मध्ये अजिंठ्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात सातकुंडाचा धबधबा व हिरवे डोंगर पाहण्यास हजारो लोक येतात. निसर्गदर्शनास आमचा मुळीच विरोध नाही. पाणी, एकांत आणि जवळून जाणारा व्यापारी मार्ग यांमुळेच भिक्खुसंघाने वर्षावासासाठी ही दरी निवडली होती. तिच्या वनश्रीकडे पाहताना त्यांची ही निवडही ध्यानी यावी.

विहारांतून अजिंठ्यास सहली निघतात. त्यापूर्वी चार-दोन दिवस ब्राह्मीची मुळाक्षरे शिकविली जावीत, अशी आमची सूचना आहे. दहाव्या लेण्यासमोर उभा राहिलेला विद्यार्थी कटहादीचे नाव स्वतः वाचू शकला, तर लेणी कोणी ‘शोधली’ या प्रश्नाचे उत्तर त्यास पर्यटनपुस्तिकेत शोधावे लागणार नाही.